व्यंकूअण्णांचा पाय

व्यंकूअण्णांच्या तेराव्याला पंगतीत बसलेला जो तो एकच वाक्य म्हणत होता. "कधी कुणाचं मन मोडलं नाही हो त्यांनी." कुणी तमिळमध्ये म्हणालं, कुणी मराठीत, त्यांचा मुलगा मुरली इंग्रजीत म्हणाला. मी वाढत होते. हातातलं सांबाराचं पातेलं कुणाच्या तरी डोक्यावर रिकामं करावं इतका संताप आला होता मला. मन मोडलं नाही म्हणे! अहो, माणूस गेला ना त्यापायी!

आणि पंगत उठल्यावर हात धुताना हळू आवाजात दुसरी कुजबुज सुरू झाली. "बायकोनंच मारलं. जखमेत कॉफीची पूड भरत होती, अडाणी बाई." ते ऐकून तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पूड भरत होती, हे खरं. त्या पुडीचं कौतुक मी आयुष्यात कधी केलं नाही आणि आजही करणार नाही. पण अंबूअक्कांच्या माथी सगळं मारून मोकळं व्हायचं आणि अण्णांना देवमाणूस म्हणून फोटोत बसवायचं, हे मला चालणार नाही. काय झालं ते मला माहीत आहे, म्हणून लिहायला बसले आहे.

आम्ही साताऱ्याकडचे. यांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे चेन्नईजवळच्या आवडी गावी आलो, क्वार्टर्समध्ये राहिलो, आणि शेवटी स्टेशनच्या अलीकडे लहानसं घर बांधून इथेच राहिलो. शेजारी अण्णा आणि अक्का. दोघं तंजावरकडचे मराठी. अण्णाही त्याच कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी कुंपणापलीकडून त्यांनी विचारलं, "तुम्हीं मराठी बोलतां कीं?" आणि मी हो म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला की जणू माहेरचं कुणी भेटलं. त्यांचं मराठी ऐकायला मला फार आवडायचं. शब्द आमच्या पणजीच्या तोंडचे आणि हेल तमिळ. मध्येच एखादं "सरि, सरि" यायचं. सरि म्हणजे बरं, ठीक. तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचं सरि तयार असायचं.

उंच, काटकुळे, लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट. चालताना मान थोडी पुढे, कुणी हाक मारली तर लगेच वळता यावं म्हणून असावी. कारण हाक मारणारे भरपूर! गल्लीत कुणाचा सिलिंडर आला, कुणाला टपाल कचेरीत जायचं आहे, कुणाची म्हातारी दवाखान्यात न्यायची आहे, चालले अण्णा. नाही हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलाच नाही.

आता ही वृत्ती ऐकायला गोड वाटते. जवळून बघा मग कळतं. आमच्या गल्लीतल्या शिंप्याने एकदा त्यांची पँट चार बोटं आखूड शिवली. दुसरा कुणी असता तर शिंप्याच्या तोंडावर फेकून आला असता. अण्णा ती पँट घालून लग्नाकार्याला जायचे. मी म्हटलं, "अण्णा, परत द्या ना ती." तर म्हणाले, "त्यानें फार हौसेनें शिवली हो सुनंदाबाई. वाईट वाटेल त्याला." शिंप्याला वाटलं, गिऱ्हाईक खूश आहे. त्याने पुढची पँटही त्याच मापाने शिवली.

पलीकडच्या दोन घरांत शेवग्याच्या झाडावरून भांडण होतं. झाड एकाच्या अंगणात, शेंगा दुसऱ्याच्या. दोघेही वेगवेगळे अण्णांकडे आले, आणि अण्णांनी दोघांनाही सांगितलं की तुमचं बरोबर आहे. भांडण वाढून पोलिसांपर्यंत गेलं तेव्हा दोघांनीही साक्षीला अण्णांचंच नाव दिलं! अण्णा त्याच सकाळी कुठल्याशा चुलतभावाच्या घरच्या कार्याला म्हणून कुंभकोणमला निघून गेले. आम्ही पोट धरून हसलो होतो तेव्हा. आज हसू येत नाही.

त्यांना साखरेचा आजार होता, आणि जुना होता. पण पोंगलला कुणी साखरपोंगल आणला की खायचे, मी पुरणपोळी केली की खायचे, शेजारच्या पोराचा वाढदिवस असला की केकसुद्धा. मी पोळी द्यायची बंद केली तर स्वतःच कुंपणापाशी येऊन उभे राहिले. मला वाटलं हावरटपणा आहे. तसं नव्हतं. मला अपराधी वाटू नये म्हणून आले होते! घरी गेल्यावर अक्कांनी विचारलं की सांगायचे, काही खाल्लं नाही. म्हणजे मला खूश केलं, अक्कांना खूश केलं, आणि शरीराचं डोंबल.

अंबूअक्का याच्या अगदी उलट. बुटक्या, ठसठशीत, नाकात दोन्ही बाजूंना हिरे, आणि जिभेला लगाम नाही. "काय गे सुनंदा, हें काय नेसलीस, पडदा कीं साडी?" असं तोंडावर म्हणणार. घरात राज्य त्यांचं. आणि गल्लीतल्या जखमांवरही राज्य त्यांचंच. कुणाचं ढोपर फुटलं, कुणाचं बोट विळीवर कापलं, की पोरं आधी अक्कांच्या दारात. कॉफीची ताजी पूड, हळद आणि कोमट केलेलं तिळाचं तेल. ते कालवून जखमेत दाबायचं, वर शेकलेलं विड्याचं पान ठेवायचं आणि जुन्या वेष्टीच्या फडक्याने करकचून बांधायचं. सासूने शिकवलेलं. रक्त थांबायचं, हेही खरं. आमच्या ह्यांचं बोट एकदा डब्याच्या पत्र्याने कापलं होतं तेव्हा अक्कांनी असंच बांधलं आणि आठवड्यात बरं झालं. मग काय, ह्यांची भक्तीच बसली. मी कपाळावर हात मारला. अहो, ते एवढंसं कापलेलं साध्या पाण्याने धुतलं असतं तरी बरं झालं असतं. नाव मात्र पुडीचं झालं. अशी कितीतरी बोटं त्या पुडीच्या नावावर जमा होती, आणि ज्यांचं चिघळलं ते गुपचूप दवाखान्यात जाऊन आले. अक्कांना येऊन सांगणार कोण? गल्लीही थोडी अण्णांसारखीच होती.

मुरली कोइमतूरला असतो. त्याने दिवाळीला वडलांसाठी चामड्याच्या चपला पाठवल्या. महागाच्या, चांगल्या, आणि मापाला लहान. अण्णांनी त्या घातल्या. मुलगा व्हिडिओ कॉलवर विचारायचा, "अप्पा, फिट होतात ना?" आणि अण्णा पाय कॅमेऱ्यासमोर धरून म्हणायचे, "परफेक्ट!" रोज देवळापर्यंत त्याच घालून जायचे. साखरेमुळे पायाची जाणीव अर्धीमुर्धी गेलेली. अंगठ्याच्या बुडाशी फोड आला, फुटला, आणि तिथे जखम झाली.

इथपर्यंतसुद्धा काही बिघडलं नव्हतं. आमच्याकडे पेन्शनरांचा दवाखाना आहे, चांगला आहे. तिथे ड्रेसिंग करायला स्टेला सिस्टर. तिरुनेलवेलीकडच्या, अंगाने जाड, आवाज करडा. त्यांनी जखम बघून अण्णांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "अंकल, साखरेचा पाय आहे. मी बांधते त्याशिवाय यावर काही म्हणजे काही लावायचं नाही. हळद नाही, तेल नाही, भस्म नाही. समजलं?" अण्णा म्हणाले, सरि.

दुपारी घरी आल्यावर अक्कांनी पट्टी बघितली. त्यांच्या मते जखम कोरडी पडायला हवी, आणि सिस्टरने ओल्या औषधाचं जाळीचं कापड ठेवलेलं. "हें तर रडतें आहे कीं! अशानें कधीं भरायचें?" म्हणत त्यांनी पुडीचा डबा काढला. अण्णा म्हणाले, सरि.

आणि पुढे जे रोज चालू झालं त्याला काय म्हणावं हे मला आजही सुचत नाही. दुपारी अक्का सिस्टरची पट्टी सोडायच्या, पूड भरायच्या, पान ठेवायच्या, फडकं बांधायच्या. सिस्टरची ती पट्टी अण्णा नीट गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवायचे. सकाळी अक्का पूजेला बसल्या की मागच्या अंगणात नळाखाली जायचे, फडकं सोडायचे आणि जखमेतली पूड काढायचे. कशाने? जुन्या टूथब्रशने! कपड्याच्या साबणाने! दाणा उरता कामा नये, नाहीतर सिस्टरला कळेल आणि तिला वाईट वाटेल. मग खिशातली कालची पट्टी पुन्हा तशीच बांधायची आणि निघायचं दवाखान्यात. सिस्टर विचारायच्या, "अंकल, काही लावलं नाही ना?" नाही. अक्का विचारायच्या, "सिस्टर कांहीं बोलली काय?" त्यावर अण्णांचं उत्तर, "बोलली ना. तुझें औषध छान काम करतें आहे म्हणाली." दोघी खूश.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा दिसत होतं ते एवढंच की अण्णांचा पाय काही बरा होत नाही. दवाखान्यातले डॉक्टर बुचकळ्यात. गोळ्या बदलल्या, साखर पुन्हा पुन्हा तपासली, इंजेक्शनं वाढवली, पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी करून आणली. स्टेला सिस्टर तर आपलंच काही चुकतंय या समजुतीने वेगवेगळ्या पट्ट्या वापरून बघत होत्या. मी अण्णांना कुंपणावरून विचारायची, "कसा आहे पाय?" "उत्तम!" पाय सुजलेला, बोटं काळपट, आणि हे म्हणे उत्तम. अक्का तर नवस बोलून बसल्या होत्या.

मी बँकेत नोकरी करते. एके दिवशी बँकेला सुट्टी होती म्हणून सकाळी घरी होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचा नळ दिसतो. अण्णा नळाशी बसलेले दिसले आणि मला काहीतरी विचित्र वाटलं. बसल्या जागी थरथरत होते. चेन्नईच्या उकाड्यात! मी तशीच मागच्या दाराने धावले. अंगाला हात लावला तर भट्टी. पायाला असा वास येत होता की मी पदर नाकाला लावला. आणि त्या अवस्थेतही हातात टूथब्रश, घासणं चालूच.

"अण्णा! काय करताय हे?"

"हळू बोला हो," ते म्हणाले. "अंबू पूजेंत आहे."

मी ब्रश हिसकावून घेतला आणि फेकून दिला. त्यांनी त्या तापात, नळाला धरून, मला सगळं सांगितलं. सांगताना लाज नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. दोन बायकांना कसं सांभाळलं! "सिस्टरला सांगितलें तर अंबूला अडाणी म्हणेल. अंबूला सांगितलें तर तिला वाटेल, इतक्या वर्षांचें माझें औषध यांना नको झालें. मन मोडतें हो. त्यापेक्षां मी थोडें सोसलें तर काय बिघडलें?" मी म्हटलं, "तुमचा पाय बिघडला!" तर त्यावरही हसले. मला त्या क्षणी त्यांना एक ठेवून द्यावीशी वाटली. वडलांच्या वयाचा माणूस, पण खरंच वाटली.

रिक्षा बोलावली, अक्कांना पूजेतून उठवलं आणि आम्ही दवाखाना गाठला. जखम उघडल्यावर स्टेला सिस्टर चिमट्याने आत शोधू लागल्या. आतल्या खळग्यातून, ब्रश पोचला नव्हता तिथून, पुवाबरोबर काळे दाणे निघाले. त्यांनी ते कापसावर घेतले, उजेडात धरले, आणि मी जे सांगितलं ते ऐकून घेतलं. ती बाई ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडली नाही. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. तमिळमध्ये म्हणाली, "अंकल, मी रोज रात्री देवाला विचारत होते की माझ्या हातून काय चुकतंय." अण्णा म्हणाले, "सॉरी सिस्टर." तेवढं त्यांना छान जमायचं.

तिथून मोठ्या इस्पितळात. तिथली डॉक्टर तरुण मुलगी, चटपटीत, वेळ न घालवणारी. अण्णांना खाटेवर घेतलं, सलाईन लावलं आणि अक्कांना विचारलं, "घरी काय लावत होता?" दवाखान्यात अक्का बाहेर बाकावरच बसलेल्या होत्या, दाण्यांचं त्यांना काही कळलेलं नव्हतं. त्यांनी मोठ्या विश्वासाने सांगायला सुरुवात केली. पूड कुठल्या दुकानची, हळद घरी दळलेली, तेल घाण्याचं, पान शेकून. डॉक्टर ऐकत होती आणि तिचा चेहरा कठीण होत गेला.

"आजी, हे लावायचं नाही असं दवाखान्यात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कागदावर लिहिलंय. तुम्हाला कुणी बोललं नाही?"

अक्का थांबल्या. त्यांनी हळूच मान वळवून खाटेकडे पाहिलं. अण्णा त्यांच्याकडे बघून हसत होते, ते नेहमीचं, सगळं ठीक आहे असं सांगणारं हसू. मी त्या हसण्याचा त्या दिवसापासून तिरस्कार करते.

"मला म्हणाले, सिस्टरनें तारीफ केली," अक्का म्हणाल्या. डॉक्टरला नव्हे, कुणालाच नव्हे. "मी रोज विचारत होतें. रोज. नको म्हणून एकदां सांगितलें असतें तर मी हात लावला असता काय? मी काय त्यांची वैरीण आहें?"

मला सांगा, ही बाई अडाणी? तोंडाने फटकळ, हट्टी, पुडीवर नको तेवढा विश्वास, सगळं मान्य. दवाखान्यावर सासूच्या औषधाची कडी करायला जाणं ही चूक तर होतीच, आणि तिची किंमत भयंकर पडली. पण विचारत होती ना ती! दोघी विचारत होत्या. मध्ये बसलेल्या या सज्जन माणसाने दोघींनाही खरं उत्तर मिळू दिलं नाही. बायकोचं मन इतकं नाजूक आहे असं त्यांना वाटलं कसं? आयुष्यभर जिने घर ओढलं, मुरलीच्या आजारपणात जी इस्पितळाच्या जमिनीवर झोपली, ती एका "नको" ने मोडली असती होय! दोन दिवस फुरंगटली असती, चार शब्द सुनावले असते, आणि तिसऱ्या दिवशी स्वतः त्यांना रिक्षात घालून सिस्टरकडे नेलं असतं. मी तिला ओळखते. ते तिच्याबरोबर जन्मभर राहिले आणि ओळखलं नाही. गोड बोलणाऱ्या माणसांना समोरच्याचं मन जपल्यासारखं वाटतं, पण जपत असतात ते स्वतःला. कुणी आपल्यावर रागावलेलं त्यांना सहन होत नाही, एवढंच.

विष रक्तात पसरलं होतं. गुडघ्याखालून पाय काढायचा ठरला. मुरली कोइमतूरहून आला, त्याला चपलांचं कुणी सांगितलं नाही, मीही नाही. पाय काढूनही अण्णा वाचले नाहीत, काही दिवसांत गेले. त्या दिवसांत मी त्यांना काचेतूनच पाहिलं, नळ्यांमध्ये, आणि त्याला मी भेट म्हणत नाही.

मी त्यांना शेवटचं भेटले ती ऑपरेशनच्या आदल्या दुपारी. वॉर्डात पंखा कुरकुरत होता. अक्का खाटेच्या कडेला स्टुलावर बसून ओल्या फडक्याने त्यांचं कपाळ पुसत होत्या. दोन दिवस त्या नवऱ्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. सगळं करत होत्या, भरवत होत्या, पुसत होत्या, पण मुकाट्याने. मी इडल्यांचा डबा ठेवून बाजूला उभी राहिले. मुरली कागदांवर सही करायला गेला होता. नर्स आली, तिने विचारलं, "आजोबा, दुखतंय का?" अण्णांनी मान हलवून नाही म्हटलं. नर्स पुढच्या खाटेकडे वळली.

अक्कांनी फडकं खाली ठेवलं.

"मला सांगा," त्या म्हणाल्या. "दुखतें आहे काय?"

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. तोंडावर हसू आणायला गेले आणि ते काही आलं नाही.

"दुखतें," ते म्हणाले. "फार दुखतें, अंबू."

"आणि मी पूड भरीत होतें तेव्हां?"

मला वाटलं आता पुन्हा काहीतरी गोड बोलतील.

"आग व्हायची," ते म्हणाले. "रोज आग व्हायची."

अक्का उठल्या. मला वाटलं बाहेर निघून जातील. पण त्या वॉर्डाच्या मधोमध गेल्या, नर्सला दंडाला धरून परत घेऊन आल्या आणि मोठ्याने, सगळ्या खाटांना ऐकू जाईल असं तमिळमध्ये म्हणाल्या, "यांना दुखतंय. फार दुखतंय. यांना विचारू नका, मला विचारा." नर्सने इंजेक्शन आणलं. ते दिलं जाईपर्यंत अक्का तिथेच उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून.

"अंबू," अण्णा म्हणाले. औषधाने डोळे मिटत आले होते. "रागावलीस माझ्यावर?"

"होय," अक्का म्हणाल्या. "रागावलें आहें." आणि स्टूल पुढे ओढून पुन्हा त्यांचं कपाळ पुसायला बसल्या.